कडब्याची पेंढी, शंकरपाळी आणि विहिरीतले 'हिरे'

गेल्या अंकात विहिरीत लागणाऱ्या भोकाभोकांच्या मांजऱ्या खडकाविषयी चार ओळी लिहिल्या, आणि पत्रं सगळी आली ती त्या खडकाच्या पोकळ्यांतल्या चकाकणाऱ्या खड्यांवर. पाण्याबद्दल एकानंही विचारलं नाही! बत्तीस वर्षं सोलापूर जिल्ह्यात विहिरींच्या जागा बघत फिरलो, त्या नोकरीत जमलेली दगडांची खोकी आजही माझ्या माडीवर आहेत. त्यांच्याच आधारानं ही उत्तरं लिहितो.

प्रश्न : सर, आमच्या विहिरीचं काम चालू आहे. पस्तीस फुटांवर सुरुंग उडवल्यावर काळ्या दगडातल्या पोकळीत पांढरे-गुलाबी चमकणारे खडे निघाले. गावात कुणी हिरे म्हणतं, कुणी अभ्रक, कुणी गारगोटी. सोबत फोटो पाठवलाय. हे नक्की काय आहे? (शेतकरी वाचक, मोहोळ तालुका)

उत्तर : हिरे नाहीत, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे रात्री विहिरीवर राखण बसवली असेल तर तो माणूस घरी जाऊन झोपेल. फोटोवरून मला तो स्टिल्बाइट वाटतो, झिओलाइट नावाच्या खनिजांच्या घराण्यातला. पण फोटोवर शिक्का मारायची सवय मला नाही. दगड तुमच्या हातात आहे, तर तुम्हीच तपासा, मी सोबत बसलोय असं समजा.

आधी आकार. कडब्याची पेंढी डोळ्यांपुढे आणा : मधोमध आवळून बांधलेली, दोन्ही टोकांना फुललेली. स्टिल्बाइटचे स्फटिक असेच एकमेकांना चिकटून वाढतात. कमरेत बारीक, टोकाला पसरट. आपल्याकडे ज्वारीच्या रानात ज्यानं पाचुंदे रचलेत त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पोकळी लहान असेल तर अर्धीच पेंढी दिसते, पंख्यासारखी.

याच घराण्यातला जवळचा भाऊ ह्यूलंडाइट. रंग तोच, चकाकी तीच, पोकळीही बरेचदा एकच. पण तो पेंढी बांधत नाही. त्याचा एकेक स्फटिक सुटा, जाडसर, मधे रुंद आणि दोन्हीकडे निमुळता. हातमागाचा धोटा कुणी आखूड करून ठेवावा तसा. सोलापुरातल्या ज्या घरात माग होता तिथल्या माणसाला हा आकार लगेच पटतो. इंग्रजी पुस्तकं याला शवपेटीची उपमा देतात, पण ती आपल्या किती जणांनी पाहिलीय?

आता फोडून बघायचं. अख्खा नमुना नव्हे, मागचा तुटका खडा घ्या. स्टिल्बाइट आणि ह्यूलंडाइट एकाच दिशेनं सपाट फुटतात, आणि त्या ताज्या पृष्ठावर मोत्यासारखी मऊ झळाळी दिसते. गावात कुणी अभ्रक म्हणालं ते हीच झळाळी पाहून. पण अभ्रकाचा पापुद्रा नखानं सुटतो आणि वाकवला तर वाकतो. स्टिल्बाइटचा तुकडा वाकत नाही, मोडतो.

कॅल्साइट मात्र तीन दिशांनी फुटतो आणि प्रत्येक तुकडा तिरका होतो. दिवाळीतली शंकरपाळी, फक्त जाड. एकदा ही शंकरपाळी डोळ्यांत बसली की कॅल्साइट तुम्हाला जन्मात फसवणार नाही. तरी शंका राहिलीच तर खिळ्यानं थोडी भुकटी खरवडा आणि तिच्यावर लिंबू पिळा. कॅल्साइट असेल तर बारीक बुडबुडे येतील. भुकटीवरच पिळा, अख्ख्या खड्यावर लिंबाचा जोर फारसा चालत नाही.

अपोफिलाइट तिसरा. तो चौकोनी खांबासारखा असतो, वर कधी सपाट, कधी देवळाच्या शिखरासारखा टोकदार, आणि खांबाच्या अंगावर उभ्या रेघा. स्टिल्बाइट लांबीच्या बाजूनं चिरतो, अपोफिलाइट आडवा तुटतो, आणि मोत्याची झळाळी त्या आडव्या तुटीवर असते. बाजू मात्र काचेसारख्या. गंमत म्हणजे हा झिओलाइट नाहीच. झिओलाइटच्या सांगाड्यात सिलिकॉनबरोबर ॲल्युमिनियम लागतं, ते याच्या सांगाड्यात नाही. पण राहतो कायम झिओलाइटांच्या घरात, त्यामुळे दुकानदारही त्याला त्याच टोपलीत टाकतात. पुणे-जळगावकडचे हिरवे अपोफिलाइट तुम्ही पाहिले असतील, तो रंग व्हॅनेडियमचा.

राहिली गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ. लोखंडी खिळा तिच्यावर ओढला तर खिळ्याचीच काळी रेघ उमटते. स्टिल्बाइटवर ओढला तर दगडावर ओरखडा पडतो. कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या मापात गारगोटी ७, स्टिल्बाइट ३.५ ते ४, कॅल्साइट ३, अपोफिलाइट ४.५ ते ५. आकडे पाठ करू नका. खिळा आणि लिंबू एवढ्यावर निम्मं काम होतं.

आणि एक खात्रीची परीक्षा. गव्हाएवढा तुकडा कोरड्या परीक्षानळीत टाकून स्पिरिटच्या दिव्यावर धरा. झिओलाइट असेल तर नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमतात. १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञानं असाच एक दगड तापवला, तो फसफसला, म्हणून त्यानं ग्रीक शब्द जोडून नाव दिलं, 'उकळणारा दगड'. झिओलाइट म्हणजे तेच. हे पाणी दगडाच्या घडणीत, सूक्ष्म खोल्यांमधून बसलेलं असतं. जिप्समही असे थेंब देतो आणि अपोफिलाइटही देतो, त्यामुळे ही परीक्षा सगळ्यांत शेवटी. जिप्सम आधीच नखानं ओरखडून बाजूला काढलेला असावा. डोळ्याला चष्मा, आणि नळीचं तोंड कुणाच्याही तोंडाकडे नको.

आता माझी विनंती. फोटोत पोकळीच्या भिंतीला लागून हिरवट पातळ थर दिसतोय, त्यावर बारके धोटे, आणि त्यांच्यावर पेंढ्या बसल्यात. म्हणजे आधी ह्यूलंडाइट झाला, मग स्टिल्बाइट. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं आणि एकेक खनिज थरानं बसत गेलं. दख्खनचा हा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, त्यातली सजावट त्याच्यानंतरची. कुणावर कोण बसलंय हे दगडच सांगतोय, पण काळा दगड मागे असेल तोवरच. सुटे खडे उचकटून बरणीत भरलेत तर ती गोष्ट गेली. म्हणून तळहाताएवढा काळा दगड मागे ठेवून एक तरी नमुना जपा.

प्रश्न : सासऱ्यांनी ३० वर्षांपूर्वी विहिरीवरून आणलेला एक पांढरा दगड आमच्या शोकेसमध्ये आहे. दर उन्हाळ्यात त्याची पांढरी पूड खाली पडते, आता निम्माच उरलाय. वाळवी नाही, पाहिलं. (गृहिणी, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, वाळवी दगड खात नाही. हा लॉमोंटाइट आहे. हाही झिओलाइटच, पण अंगातलं पाणी धरून ठेवणं याला जमत नाही. कोरड्या हवेत काही पाणी उडून जातं, स्फटिक आधी दुधाळ होतो, मग त्याला भेगा पडतात आणि शेवटी खडूसारखी भुकटी होते. विहिरीतून ओला बाहेर येतो तेव्हा काचेसारखा लख्ख असतो, त्यामुळे जो तो फसतो.

मीही फसलोय. १९९१ च्या जानेवारीत, गड्ड्याची यात्रा चालू असताना, एका विहिरीवर मला बोटभर लांबीच्या लॉमोंटाइटची अख्खी पोकळी मिळाली. पूजेच्या ताटासारखी दोन्ही हातांवर धरून घरी आणली, काचेच्या कपाटात ठेवली, येईल त्याला दाखवली. मे महिन्यात ४३ अंशांत कपाट उघडलं तर काळा दगड आणि त्याच्या पायाशी रांगोळी. आमच्या हिनं ती सुपलीत भरली आणि विचारलं, "ही कुठं टाकू?"

तुमच्याकडे जे उरलंय ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आत एक ओला बोळा ठेवा, दगडाला टेकणार नाही असा. मधून मधून पाणी घाला. काही हौशी लोक असा नमुना पाण्यातच बुडवून ठेवतात. कुणी पातळ फेविकॉल पाजतात, पण त्यानं चकाकी जाते, मी करत नाही. पडलेली पूड परत दगड होणार नाही. आणि त्या डब्यावर सासऱ्यांना आठवत असेल ते गावाचं नाव आजच लिहून ठेवा. उद्या विचारायला कुणी असेलच असं नाही.

प्रश्न : स्टिल्बाइटवर कॅल्साइटचा पांढरा थर चढलाय. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये बुडवला तर स्वच्छ होईल का? (बारावीचा विद्यार्थी, अक्कलकोट)

उत्तर : होईल, आणि त्याबरोबर स्टिल्बाइटही जाईल. बहुतेक झिओलाइटांना ॲसिड सोसत नाही. चकाकी मरते, आणि स्कोलेसाइट-नॅट्रोलाइटसारख्या खनिजांचा तर जेलीसारखा गोळा होतो. कॅल्साइटला राहू दे, तोही त्या पोकळीचा भाडेकरू आहे. माती असेल तर साधं पाणी आणि जुना मऊ टूथब्रश, तोही पेंढ्यांच्या दिशेनं. सुयांसारख्या नाजूक नमुन्याला ब्रशही नको, कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा वापर. सावलीत वाळव.

कापूस, चिंध्या, गिरणीतलं वेस्ट यांत नमुना गुंडाळू नकोस. माझ्या पहिल्या वर्षाचे सगळे नमुने मी वेस्टमध्ये बांधून आणले, ते सोलापुरात फुकट मिळायचं ना! त्यातले धागे पेंढ्यांच्या फटीत असे बसलेत की अजून चिमट्यानं काढतोय. वर्तमानपत्राचा कागद चांगला.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र सुटीच्या दिवशी नमुने गोळा करायला निघणार आहोत. कुठं जावं, काय न्यावं? आणि सुयांसारखे पांढरे झुबके मिळतात त्यांना नक्की काय म्हणायचं? (महाविद्यालयीन वाचक, सोलापूर)

उत्तर : आधी कुठं जाऊ नये ते सांगतो. चालू खाणीत मालकाला न विचारता जाऊ नये. त्या दगडाचा परवाना त्याच्याकडे असतो, गौण खनिज म्हणतात त्याला, आणि तुम्ही उचललेला खडा त्याच्याच हिशेबातला. विचारलंत तर बहुतेक जण चहासुद्धा पाजतात, हा माझा अनुभव. खोदाई चालू असलेल्या विहिरीत उतरायचं नाही. न उडालेली जिलेटीनची कांडी ढिगाऱ्यात असू शकते, आणि वरच्या काठावरचा सैल धोंडा तुमची ओळख विचारत नाही. लेणी, किल्ले, जुनी देवळं यांच्या भिंतीत पोकळी दिसली तरी हात लावायचा नाही. संरक्षित स्मारकात तो गुन्हा आहे, आणि नसता तरी मी हेच म्हणालो असतो.

मग उरतं काय? भरपूर. विहिरीचं काम संपून दगड वर ओढणारी यारी हलली की काठावर जो दगडांचा ढीग राहतो, तिथं जा. शेतकऱ्याला विचारा, ढीग पसरून बघा, जाताना जसा होता तसा करून ठेवा. माझे निम्मे नमुने अशा ढिगांतले आहेत. पहिला चांगला पाऊस झाला की जावं, माती धुऊन जाते आणि चकाकी लांबून दिसते. काळाकभिन्न एकसंध पाषाण दिसला की पुढे चला, त्यात काही नाही. तांबूस-करडा, भोकाभोकांचा, हातोडी मारली तर बद्द आवाज देणारा मांजऱ्या खडक शोधा. पोकळ्या त्यात.

एक अपेक्षा आत्ताच खाली आणतो. जळगाव, नाशिक किंवा पुण्याजवळच्या वाघोलीतले नमुने तुम्ही चित्रांत पाहिले असतील. वाघोलीचा निळाशार कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्रहांत आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा जाऊन या, डोळा तयार होईल. पण आपल्याकडे पोकळ्या लहान आणि पेंढ्याही लहान. मुठीएवढी भरलेली पोकळी मिळाली तर तो दिवस सणाचा समजायचा.

सामान : एक किलोची हातोडी, दोन छिन्न्या, चष्मा, जाड हातमोजे, दहापट मोठं दाखवणारं भिंग, वर्तमानपत्रं, पाणी आणि दुपारची कडक भाकरी-शेंगाचटणी. छिन्नी पोकळीच्या तोंडाशी कधी लावू नका. वीतभर लांब, काळ्या दगडावर लावा आणि दगडच तिथून फुटू द्या. पोकळीला धक्का बसला की पेंढ्या आधी गळतात. घाई करणाऱ्याला भुगा मिळतो. आमच्यातल्या एकाला तर चपटं झालेलं बोटही मिळालं.

पण सगळ्यांत महत्त्वाचं सामान म्हणजे पेन्सिल आणि चिठ्ठ्या. नमुना कागदात गुंडाळायच्या आधी, तिथंच उभं राहून लिहायचं : गाव, तालुका, गट नंबर, विहिरीची खोली, पोकळी किती फुटांवर, वरखाली कुठला खडक, तारीख. घरी गेल्यावर मागच्या बाजूला पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका, त्यावर काळ्या शाईनं नंबर, आणि तोच नंबर वहीत. माझ्या माडीवर एक खोकं आहे, त्यात बारा अप्रतिम तुकडे आहेत. १९८६ साली बदली झाली तेव्हा सामान लावणाऱ्यानं चिठ्ठ्या कचरा समजून फेकल्या. ते बारा तुकडे आता मला काही सांगत नाहीत. पाहुण्यांची मुलं आली की त्यांना खेळायला देतो. त्यांच्याच शेजारी अंगठ्याएवढा मळकट ह्यूलंडाइट आहे, 'बार्शी तालुका, ४१ फूट, तांबड्या थराच्या वर' असं लिहिलेला. त्याला मी कुणाला हात लावू देत नाही.

सुयांच्या झुबक्यांचं म्हणाल तर तीन सख्खे भाऊ आहेत : नॅट्रोलाइटमध्ये सोडियम, स्कोलेसाइटमध्ये कॅल्शियम, मेसोलाइटमध्ये दोन्ही. जाड, ताठ सुया असतील तर आपल्याकडे बहुधा स्कोलेसाइट आणि केसासारख्या असतील तर मेसोलाइट, असं मी बोलतो. लिहीत मात्र नाही. डोळ्यांनी यांची फोड होत नाही, त्याला प्रयोगशाळेतली क्ष-किरण तपासणी लागते. चिठ्ठीवर 'नॅट्रोलाइट गट' लिहा, त्यात कमीपणा काही नाही. कापसाच्या पेळूसारखं फारच मऊ काही दिसलं तर तो मॉर्डेनाइट असू शकेल. त्याला बोट लावलंत तर बोटाचा ठसा कायमचा राहील.

प्रश्न : झिओलाइट पाणी मऊ करतो असं वाचलं. आमच्या बोअरचं पाणी फार जड आहे, डाळ शिजत नाही. विहिरीतले हे दगड टाकीत टाकले तर? (वाचक, होटगी रोड)

उत्तर : वाचलं ते खरं आहे. झिओलाइट आपल्या खोल्यांतलं सोडियम सोडून पाण्यातलं कॅल्शियम घेऊ शकतो, धुण्याच्या पावडरीत तो याच कामाला असतो. पण ती कारखान्यात केलेली बारीक भुकटी. आपल्या स्टिल्बाइटच्या खोल्यांत आधीच कॅल्शियम भरलेलं आहे, तो तुमच्या टाकीतलं आणखी कुठं ठेवणार? डाळ आदल्या रात्री भिजत घाला.

प्रश्न : वेरूळला फिरायला गेलो तेव्हा गुलाबी, लोकरीसारखा गोळा असलेला दगड घेतला. विकणारा म्हणाला दुर्मीळ आहे, घरात ठेवला की ऊर्जा वाढते. (वाचक, सात रस्ता)

उत्तर : लोकरीचा गोळा बहुधा ओकेनाइट. तो पांढरा असतो. गुलाबी, निळा, हिरवा गोळा म्हणजे रंगाच्या बादलीत बुडवलेला. कापसाच्या बोळ्याला नेलपॉलिश रिमूव्हर लावून मागच्या कोपऱ्याला हळूच टेकवा, बोळा गुलाबी झाला तर उलगडा झाला. भिंगातून गोळ्याच्या बुडाशी पाहा. तिथं चकचकीत डाग किंवा हवेचे बुडबुडे दिसले तर डिंकानं चिकटवलाय. खरा ओकेनाइट सुंदरच असतो, त्याला रंगवणाऱ्याचा मला राग येतो. ऊर्जेचं म्हणाल तर माझ्या माडीवर असे चारशे दगड आहेत, आणि जिना चढताना मला अजून दोनदा थांबावं लागतं.

प्रश्न : आजोबा, मी सहावीत आहे. शाळेमागच्या पाईपच्या चरातून मला एक दगड मिळाला. त्यात छोटे छोटे चौकोनी ठोकळे आहेत, साखरेसारखे. मैत्रीण म्हणते मीठ आहे. चाटून बघू का? (एक विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : चाटू नकोस गं, चरात काय काय सांडलेलं असतं. पाण्याचा एक थेंब टाकून रात्रभर ठेव. मीठ असेल तर कडा विरघळतील. तसं काही झालं नाही तर ठोकळ्याच्या कोपऱ्यावर पुठ्ठ्याचा काटकोन लावून बघ. अगदी बसला नाही, ठोकळा किंचित कललेला निघाला, तर तो चाबाझाइट असेल. तोही झिओलाइटच, आणि तो घनासारखा दिसतो पण घन नसतो. लिंबाची परीक्षाही करून बघ, वर पहिल्या उत्तरात दिलीय, आईसमोर कर. चर अजून बुजवला नसेल तर तो किती खोल आहे ते पट्टीनं कुणा मोठ्या माणसाला मोजायला सांग, तू आत उतरू नकोस. ते आणि आजची तारीख चिठ्ठीवर लिही. मग काय दिसलं ते मला कळव, आणि दगड अजून धुतला नसशील तर धुऊ नकोस.